साधी इसबगोल भुशी, १०० ग्रॅमचा डबा: तीन महिने वापरून झाल्यावर

पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते. आता तीन महिने झालेत आणि पाचपैकी साडेचार देते, अर्धा का कापला ते पुढं सांगते.

मी कोल्हापूरच्या गुजरीत सराफी दुकानात काउंटरला असते, सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. बाथरूम एकच, तेबी मागच्या बोळात, मग आम्ही सगळ्याजणी पाणीच कमी पितो. सकाळी घरात डबे, पोराची शाळा, केएमटीची बस गाठायची गडबड, त्यात कळ आली तरी नंतर बघू म्हणून दाबायची आणि मग दिवसभर येतच नाही. आठवड्यातनं दोनदा परसाकडं, तेबी खडा, कुंथून कुंथून डोकं दुखायचं. दोन वर्षं असंच काढलं, कुणाला सांगायची लाज. डॉक्टर म्हणाले आठवड्याला तीनपेक्षा कमी वेळा आणि महिनोन्महिने असं चाललं असेल तर ते जुनाट बद्धकोष्ठच, त्यांनी थायरॉईड बघितलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं (लोहाच्या गोळ्यांनी पण खडा होतो, हे मला तेव्हा कळलं) आणि इसबगोल लिहून दिलं.

त्याआधी मी एक चूर्ण घ्यायचे. रात्री घेतलं की सकाळी साफ, पण पोटात असा मुरडा यायचा की घाम फुटायचा. डब्याच्या मागं बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेलं. सोनामुखी आतड्याला हलवून ढकलायला लावते. इसबगोलचं काम वेगळं आहे, ते स्वतःत पाणी धरून ठेवतं त्यामुळं मळ मऊ राहतो आणि भरीव होतो. म्हणून ते एका रात्रीत काम करत नाही, आणि मी तिथंच चुकत होते. रोज झोपताना एक चहाचा चमचा, वर अर्धा कप पाणी. पोट नुसतं फुगायचं, गॅस, आणि खडा होता तसाच.

मग एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा डब्यातली भुशी दुकानातल्या काट्यावर तोलली. चहाचा चमचा दोन ग्रॅमला पण कमी भरला! दिसायला चमचा भरलेला, पण ती भुशी म्हणजे नुसता फोलपट, वजनच नाही. मोठा चमचा शीग लावून भरला तेव्हा कुठं पाचच्या आसपास गेला. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०२२ साली जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मोठ्या माणसांवरच्या १६ चाचण्या एकत्र करून बघितल्यात, सगळे मिळून १२५१ जण. तंतू (म्हणजे फायबर, इसबगोल त्यातलंच) घेणाऱ्यांतल्या शंभरातल्या ६६ जणांना गुण आला, न घेणाऱ्यांत ४१ जणांना. सगळ्यात चांगला गुण इसबगोलचा, पण दिवसाला १० ग्रॅमच्या वर आणि कमीत कमी ४ आठवडे घेतलं तर. मी दोन ग्रॅम घेऊन औषधाला नावं ठेवत होते.

डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवलं, दोन आठवड्यांत सकाळी एक मोठा चमचा आणि रात्री एक. एका मोठ्या ग्लासात पाणी घ्यायचं, भुशी टाकायची, ढवळायची आणि लगेच प्यायची. दोन मिनिटं जरी थांबलात तर चमच्याला धरून लोंबणारी खळ होते आणि मग गिळवत नाही. वर आणखी एक ग्लास पाणी. दुकानात मी आता लिटरची बाटली काउंटरखाली ठेवते आणि जायचं असलं की सरळ सांगून जाते. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, पाचव्या आठवड्यापासनं जवळपास रोज, न कुंथता. गॅस सुरुवातीला झाला, पुढं कमी आला.

सासूबाईंनी पण सुरू केलं, पण त्यांनी कोरडी भुशी तोंडात टाकून वर पाणी प्यायला घेतलं, मी हातच धरला. आत्या, घशात फुगून अडकती ती, असं करू नका. कोरडी कुणीच खाऊ नका, आणि गिळायला त्रास असणाऱ्याला तर देऊच नका. त्यांच्या शुगरच्या गोळ्या आणि इसबगोल यात आम्ही दोन तासांचं अंतर ठेवतो. संत्र्याच्या चवीचं घेताना साखर आहे का ते वाचा, आमच्यात साधंच आणतो.

अर्धा स्टार पॅकिंगचा कापला. डब्यात नुसती पातळ पिशवी, आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात ती एकदा उघडली की चार दिवसांत भुशी गोळा व्हायला लागते, मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतते. शिवाय रोज १० ग्रॅम म्हणजे डबा दहा दिवसांत संपतो, महिन्याला तीन. मोठं पाकीट मिळालं तर तेच घ्या.

भुशी घेताय म्हणून जेवण सोडू नका. आमच्यात आता रात्री ज्वारीची भाकरी, आठवड्यातनं दोनदा आख्खा मसूर, आणि कपिलतीर्थ मार्केटातनं पेरू, बियांसकट. मिसळ मी सोडलेली नाही, ब्रेड मात्र एकच स्लाइस.

चार आठवडे नीट मापानं आणि पाण्यानं घेऊनसुद्धा फरक नसेल तर आणखी चमचे वाढवत बसू नका, काहींचे खालचे स्नायूच जोर लावताना सैल होत नाहीत, त्याला तंतूचा फारसा उपयोग नाही, त्याची तपासणी वेगळी असते. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, पन्नाशीनंतर हे नव्यानं सुरू झालं असेल, किंवा पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल तर डबा घ्यायच्या आधी डॉक्टरकडं जा.