अल्डोस्टेरॉन वाढलंय: ऑपरेशन की गोळ्या?

मैत्रीण रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसली होती. बीपी तीन गोळ्यांनाही दाद देईना, पोटॅशियम 3.1 म्हणजे कमी, मूत्रपिंडावर बसलेल्या डाव्या अधिवृक्क ग्रंथीत छोटी गाठ. अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार: ही ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे बीपी वाढवणारं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवते. आता ग्रंथी काढायची की अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी घेत राहायचं?

त्रास म्हणशील तर ऑपरेशनचा एकदाच. दुर्बिणीतून एक ग्रंथी काढतात, दुसरी काम सांभाळते. गोळी सोपी, पण रोजची. शिवाय पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अधूनमधून तपासावंच लागतं. पुरुषांची छाती सुजून दुखू शकते, बायकांची पाळी बिघडू शकते. इप्लेरेनोन या त्याच प्रकारच्या दुसऱ्या गोळीने हा उपद्रव कमी होतो.

टिकाऊपणात ऑपरेशन सरस. पोटॅशियम बहुधा जागेवर येतं. बीपीच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्याच सुटत नाहीत. दुखणं जुनं असेल तर एखादी उरते.

आणि स्कॅनमध्ये दिसलेली गाठच दोषी असेल असं नाही! म्हणून बहुतेकांत आधी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त तपासतात. दोष एकाच बाजूचा आणि भूल झेपणारी तब्येत असेल तर मी ऑपरेशन म्हणेन. दोन्हीकडे दोष असेल, किंवा कापाकापी नकोच असेल, तर गोळ्या.