श्रीखंडातलं यीस्ट मोजायला अगार प्लेट की तयार फिल्म?

यीस्टच्या वायूने डबे फुगायला लागल्यावर एका छोट्या श्रीखंड उत्पादकाने विचारलेला प्रश्न. अगार प्लेट म्हणजे जेलीसारखं पोषक माध्यम ओतलेली बशी; फिल्म म्हणजे तेच काम करणारं, माध्यम आधीच लावलेलं पातळ तयार कार्ड. दोन्हींवर नमुन्यातलं यीस्ट वाढवून मोजतात.

वेळ: क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखणारं प्रतिजैविक) घातलेल्या वायजीसी अगारवर, म्हणजे यीस्ट मोजायच्या नेहमीच्या माध्यमावर, 25 अंश सेल्सिअसला पाच दिवस. साध्या फिल्मला तीन ते पाच, जलद फिल्मला दोन-अडीच दिवस. तोवर माल दुकानात गेलेला असतोच, त्यामुळे हा फरक मोठा.

मेहनत: अगार शिजवा, ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा), 45 अंशांच्या आसपास आणून ओता. ऑटोक्लेव्ह नसेल तर विषयच संपला. फिल्मवर एक मिली विरल केलेला नमुना टाकला की झालं. नमुना निर्जंतुक पाण्यात विरल करणं मात्र दोन्हीकडे चुकत नाही.

खर्च: एकेका चाचणीला फिल्म महाग. पण रोज चारच नमुने असतील तर अगारचं उरलेलं माध्यम वाया जातं, तेही हिशेबात धरा.

वाचन: फिल्मवर यीस्ट निळसर-हिरवे ठिपके दाखवतं, नवख्यालाही मोजता येतात. वेलची-केशराचे कण मात्र फसवतात. प्लेटवर वसाहत (यीस्ट वाढून झालेला ठिपका) नीट दिसते, उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

रोजच्या तपासणीला फिल्म घ्या. यीस्ट कुठून येतंय, चक्क्यातून की साखरेतून, हे शोधायचं किंवा वादात अहवाल द्यायचा असेल, तर प्लेट.