एकाच १९ लिटरच्या पेटीत तीन वूफर

सोलापुरात कुठल्याही दुकानात ८ इंची वूफर (खालचा जाड आवाज, म्हणजे बास, देणारा स्पीकर) मागा, दुकानदार तो आधी उलटा करून मॅग्नेट दाखवतो आणि मग त्यावर छापलेले वॉट वाचून दाखवतो. घरी स्पीकर बांधणाऱ्याला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. मॅग्नेट जड असला म्हणजे बास खोल जातो असं नाही, आणि पीएमपीओचा (फुगवून छापलेल्या वॉटचा) आकडा तर सरळ सोडून द्यावा. वूफर जोखायचा तो त्याला कशी पेटी लागते यावरून. म्हणून इथे बाजारात मिळणाऱ्या तीन जातींचे ८ इंची वूफर १९ लिटरच्या एकाच बंद पेटीत ताडून पाहिले आहेत. आकडे एखाद्या कंपनीच्या मॉडेलचे नाहीत, त्या त्या जातीत नेहमी भेटतात तसे आहेत.

हिशोबाला तीनच गोष्टी लागतात. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन (पुढेमागे हलून आवाज काढणारा पडदा) आपणहून ज्या कंपनाला सर्वांत सहज हलतो ते. क्यूटीएस म्हणजे ते हलणं मॅग्नेट आणि सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारे लवचीक भाग) मिळून किती लवकर आवरतात त्याचं माप. आकडा लहान तेवढी पकड घट्ट. व्हीएएस म्हणजे कोनच्या सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित बसवलं, आणि आजही पेटी त्याच्यावरच बांधली जाते. बंद पेटीसाठी व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की पेटीतला क्यू मिळतो आणि एफएसला गुणलं की पेटीतली कंपनसंख्या. क्यू ०.७ च्या आसपास आला की बास सपाट आणि आवरलेला. १ च्या वर गेला की घुमायला लागतो.

पहिला, रबरी एजचा (कोनच्या कडेच्या लवचीक पट्टीचा) हाय-फाय वूफर. पीअरलेस, एसबी अकूस्टिक्स, डेटन ऑडिओ या नावांखाली येतो तो प्रकार. एफएस ३८ हर्ट्‌झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस ४० लिटर धरले तर १९ लिटरमध्ये क्यू ०.७ येतो आणि बास ६७ हर्ट्‌झपर्यंत सपाट राहून पुढे दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. संवेदनशीलता (ठरावीक पॉवरला किती मोठा वाजतो ते माप) ८६-८८ डेसिबल, म्हणजे ॲम्प्लिफायर बऱ्यापैकी दमदार लागतो. डग्ग्यावरची मींड यात नीट ऐकू येते. स्वर सरकताना मध्येच फुगत नाही की गायबही होत नाही. किंमत तिघांत सर्वांत जास्त, आणि बहुतेक वेळा माल पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागतो. मागवण्याआधी डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला आकड्यांचा तक्ता, पाहा. ती नसेल तर या किमतीला घेऊ नका.

दुसरा, कापडी एजचा पीए वूफर. मंडळांच्या साउंडमध्ये बसतो त्याच घराण्यातला. एफएस ६५, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस २२. त्याच पेटीत क्यू ०.६६ येतो, म्हणजे आवाज आवरलेला, पण उतार ९५ हर्ट्‌झच्या आसपासच सुरू होतो. खालचा बास यात नाहीच. बदल्यात ९३-९५ डेसिबल संवेदनशीलता मिळते. दर ३ डेसिबलला दुप्पट पॉवर लागते, म्हणून १० वॉटच्या ॲम्पवर हा जेवढा वाजतो तेवढं वाजायला पहिल्याला ५० वॉटच्या वर लागतील. हलगीचा ठोका यात जसा अंगावर येतो तसा बाकी दोघांत येत नाही. खाली वेगळा सबवूफर (फक्त सर्वांत खालचा बास देणारा) लावणार असाल तर हा उत्तम निवड आहे. शिवाय साउंडवाल्यांमुळे याचा कोन आणि कॉइल (मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) बदलून देणारे कारागीर गावातच सापडतात, हाय-फाय वूफरला ती सोय नाही.

तिसरा, ‘होम थिएटर’ म्हणून मिळणारा फोम एजचा स्वस्त वूफर. मॅग्नेटवर रबराचं झाकण असतं, आत मॅग्नेट लहान. एफएस ५५, क्यूटीएस ०.९, व्हीएएस ३०. १९ लिटरमध्ये याचा क्यू १.४५ वर जातो आणि १०० हर्ट्‌झजवळ पावणेचार डेसिबलचा उंचवटा उभा राहतो. दुकानात ऐकताना हाच उंचवटा ‘भारी बास’ वाटतो. घरी दोन दिवसांत कळतं की गाणं कुठलंही असो, बास एकाच सुरात ‘धुम्म’ करतो. वूफर फेकायची गरज नाही, फक्त त्याला बंद लहान पेटीत घालू नका. मागून मोकळ्या, रुंद फळीवर बसवला तर जास्त क्यूटीएसचा हा वूफर तिथे पुष्कळ चांगला वागतो.

याच ओळीत कारचा १० इंची सबवूफरही लोक घरी आणतात. तो फक्त १०० हर्ट्‌झच्या खाली वापरायचा. त्याला ४+४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर त्या सिरीजमध्ये जोडा, ८ ओहम मिळतात. पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात आणि घरगुती ॲम्प्लिफायर तापून जातो.

कोनच्या आकाराइतकाच त्याचा प्रवासही महत्त्वाचा, त्याला एक्समॅक्स म्हणतात. २१४ चौरस सेंमीचा ८ इंची पीए कोन ३ मिमी हलतो तेव्हा ६४ घन सेंमी हवा ढकलतो; १३५ चौरस सेंमीचा साडेसहा इंची हाय-फाय कोन ६ मिमी हलून ८१ घन सेंमी. म्हणजे लहान वूफर खाली जास्त देऊ शकतो. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. ही किंमत चुकवल्याशिवाय खोल बास मिळत नाही.

दुकानातच करायच्या तपासण्या थोड्या आहेत. मल्टिमीटरने कॉइल मोजा: ८ ओहमचा वूफर साडेपाच ते साडेसहाच्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा सव्वातीन ते पावणेचार. चार बोटं डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) भोवती सारख्या अंतरावर टेकवून कोन हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. खरखर आली की कॉइल घासतेय, तो नग परत द्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा; प्लसला प्लस लागल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, नाहीतर खुणा उलट्या आहेत. फोम एज असेल तर अंगठ्याने अलगद दाबून पाहा. जुन्या साठ्यातल्या मालाचा फोम कडेला बिस्किटासारखा भुगा होऊन बोटाला लागतो. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनी फोम कुजतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला टेकतो. खिडकीजवळ ठेवायच्या स्पीकरला म्हणूनच रबरी एज घ्यावा. यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर पेटी होईपर्यंत वूफर पिशवीत बांधून ठेवा. कापसाची तुसं मागच्या छिद्रातून कॉइलच्या फटीत गेली की काढता येत नाहीत.

डेटाशीट नसलेल्या वूफरचे आकडे घरी काढता येतात. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, साउंड कार्डचा हेडफोन आउटपुट आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर एवढं पुरतं. वूफर टेबलाला पकडून ठेवा, टेबल हललं तर वक्रावर खोट्या गाठी दिसतात. एकदा नुसता मोजा, मग डस्ट कॅपभोवती मुलांच्या खेळण्यातली १५ ग्रॅम क्ले चिकटवून पुन्हा मोजा. वजन सोनाराच्या काट्यावर घ्या. नाणी ठेवू नका, १-२ रुपयांची स्टीलची नाणी मॅग्नेट ओढून घेतो. ४० हर्ट्‌झचा एफएस ३२ वर आला तर हलणारं वस्तुमान सुमारे २६.७ ग्रॅम निघतं. कोनचा व्यास एजच्या मध्यापासून समोरच्या एजच्या मध्यापर्यंत मोजा, १६.५ सेंमी आला तर क्षेत्रफळ २१४ चौरस सेंमी. हे भरलं की व्हीएएस सॉफ्टवेअर काढून देतं.

आता खोली. १० बाय १२ फुटांच्या आरसीसी खोलीत १२ फुटांच्या दिशेला ४७ आणि १० फुटांच्या दिशेला ५६ हर्ट्‌झला आवाज आपोआप फुगतो. बंद पेटीतला पहिला वूफर ४७ ला सुमारे ७ डेसिबल खाली असतो. तो खड्डा खोली आणि कोपरा बराचसा भरून काढतात. त्यामुळे अशा खोलीसाठी आमची पसंती हाय-फाय वूफर आणि बंद पेटी हीच. मोठा हॉल असेल तर त्याच वूफरला ४३ लिटरची पोर्टवाली (हवेसाठी पाइप बसवलेली) पेटी द्या: ३६ हर्ट्‌झचं ट्यूनिंग, ७ सेंमी आतल्या व्यासाचा साडेपंधरा सेंमी पीव्हीसी पाइप. बास ३६ पर्यंत जातो, पण त्याच्या खाली कोनला आवरणारी हवा उरत नाही, म्हणून ३० हर्ट्‌झच्या आसपास सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) हवाच. जुन्या माळवदाच्या घरात घुमणं कमी असतं, तिथेही पोर्ट चालतो. पत्र्याखाली मात्र आधी पत्र्याचे खिळे घट्ट करा.

१९ लिटरसाठी आतलं माप २२ × २६ × ३७ सेंमी ठेवा. होतात २१ लिटर. वूफर आणि आतला आडवा टेका मिळून २ लिटर खातात. १८ मिमी एमडीएफमध्ये बाहेरचं माप २५.६ × २९.६ × ४०.६ येतं. भोक पाडताना इंटरनेटवरचा आकडा धरू नका, हातातला वूफर मोजून मगच जिगसॉ लावा. फ्रेमखाली फोमची पट्टी आणि एमडीएफमध्ये लाकडाच्या स्क्रूऐवजी टी-नट (मागून ठोकायचा आट्यांचा नट) वापरा, कारण दुसऱ्यांदा उघडताना स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात.

पेटी बंद झाल्यावर ३० हर्ट्‌झचा टोन हळू आवाजात लावून सांध्यांजवळून आणि टर्मिनलच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे गळती आहे. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या प्लेटखाली सापडते. तिथे सिलिकॉन भरा, रात्रभर सुकू द्या आणि मगच पेटीतला क्यू मोजा.