दिवसाला तीनदा की आठवड्याला दीडशे?

आद्य ख्रिस्ती मंडळीची रोजची प्रार्थना आपल्याही दिवसात आणायची म्हटली की दोन वाटा दिसतात. एक ‘दिदाखे’ची, म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या जुन्या पुस्तिकेची: दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना, बुधवारी आणि शुक्रवारी उपास. दुसरी मठांची: बायबलमधली १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी करायची. जास्त जुनं कोणतं, या वादात शिरू नका. दिदाखे मठांच्या आधीची खरी, पण स्तोत्रं दोन्हींहून जुनी.

स्तोत्रांचं जेवण भरपेट. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत त्यांचे २० गट आहेत, त्यांना कथिस्मा म्हणतात. शनिवारी संध्याकाळी पहिला, सोमवारी सकाळी चौथा-पाचवा आणि संध्याकाळी सहावा, असं चालतं. नवखा अडखळतो तो क्रमांकांवर. ही वाटणी ग्रीक बायबलच्या क्रमांकांची. त्यात आपलं ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र. म्हणून यादीत ५० दिसलं की आपल्या बायबलमधलं ५१ उघडायचं, आणि मेंढपाळाचं २३वं तिथे २२वं. यादीतल्या १० ते ११२ आणि ११६ ते १४५ या आकड्यांत एक मिळवा. मधलं ११३ म्हणजे आपली ११४ व ११५, आणि त्यांची ११४, ११५ हे आपल्या ११६चे दोन तुकडे. समासात एकदा पेन्सिलीनं लिहून ठेवलं की भागतं.

न भागणारी गोष्ट वेगळी: थकबाकी. मंगळवार हुकला की ७, ८, ९ राहिले. बुधवारही गेला की १०, ११, १२. गुरुवारी सकाळी तुमच्यासमोर उरलेले सहा आणि त्या सकाळचे दोन, असे आठ कथिस्मा, आणि कामावर तर जायचंय. मग ओठ पळतात, डोळे पानाच्या तळाशी. मठात घंटा असते, सोबत म्हणणारे असतात. घरी एकट्याच्या मानगुटीवर नुसता हिशेब बसतो. पश्चिमेकडच्या मठांचा नियम लिहिणारा संत बेनेडिक्टही या बाबतीत कडक: वाटणी पटली नाही तर बदला म्हणतो, पण आठवड्यात १५० झालीच पाहिजेत, कमी म्हणणारा आळशी.

माझा कल दिदाखेकडे झुकला तो इथेच. हुकलेली दुपार दुसऱ्या दिवशी वसूल करायची नसते. सहाव्या अध्यायात तर सरळ म्हटलंय की प्रभूचं सगळं जू पेलवत नसेल तर जमेल तेवढं कर. वेळा त्यात दिलेल्या नाहीत. आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियन दिवसाचा तिसरा, सहावा, नववा तास सांगतो, म्हणजे साधारण ९, १२ आणि ३. प्रार्थनेच्या शेवटी जीभ हमखास घसरते: दिदाखेत तिथे ‘राज्य’ नाही, फक्त ‘सामर्थ्य व गौरव’. खोट एकच, अर्ध्या मिनिटात उरकते आणि पाढा होतो. प्रत्येक मागणीनंतर एक श्वास थांबलं तर हा पाढा बराच मोडतो.

ज्यांचा दिवस आधीच घड्याळाला बांधलेला आहे, त्यांना कदाचित स्तोत्रंच मानवतील. बाकीच्यांनी आधी तीन वेळा बसू द्याव्यात, मग हवं तर शुक्रवार संध्याकाळचा अठरावा कथिस्मा तेवढा जोडावा: आपली १२० ते १३४, पंधरा आरोहणस्तोत्रं, बहुतेक अगदी छोटी.