नानजिंग रोडवरचा महागडा चहा

शांघायच्या नानजिंग रोडवर दोन-तीन हसतमुख पोरं-पोरी तुमच्याजवळ आली आणि चांगल्या इंग्रजीत "आमचा एक फोटो काढाल का?" म्हणाली, तर फोटो खुशाल काढा. त्यानंतर चहाचा विषय निघाला की मात्र हात हलवून चालू पडा. कोणी इथवर वाचून थांबलं तरी माझं काम झालं. ज्यांना चीनला जायचंय त्यांनी पुढचंही वाचावं, कारण ओळख काढून चहाला नेऊन भरमसाट बिल लावायचा हा प्रकार ऐकायला जितका बावळट वाटतो तितका तो प्रत्यक्षात नसतो.

२०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता–ग्वांगझौ थेट विमान पुन्हा सुरू झालं, व्हिसाही मिळू लागले. मी आणि माझा मामेभाऊ पाठीवर सॅक टाकून निघालो: ग्वांगझौ, मग यांगशुओ, छंगदू, शिआन, बीजिंग आणि शेवटी शांघाय. आता आपल्याकडची आणखी मंडळी जातील, म्हणून हे लिहितोय.

चीनमध्ये फिरताना भीती अशी वाटतच नाही. रात्री उशिरा मेट्रोतून उतरून गल्लीबोळातलं होस्टेल शोधत जाणाऱ्या एकट्या मुली दिसतात. सगळे व्यवहार फोनवर, त्यामुळे खिशात मारण्यासारखं काही नाही. आणि माणसं इतकी आपणहून मदत करतात की आपणच अवघडतो. शिआनच्या तटबंदीलगतच्या बागेत एक आजोबा लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. ऊन असं की ओळीचा शेवट येईपर्यंत सुरुवात वाळून जायची. "इंडिया?" असं विचारून त्यांनी फोनच्या भाषांतरात काहीतरी बोलायला सुरुवात केली. पडद्यावर "भारतीय डॉक्टर, आठवी मार्ग सेना" (जपानशी लढलेली चिनी कम्युनिस्टांची फौज) असं उमटलं तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आम्ही त्यांच्याच राज्यातले म्हटल्यावर आजोबांनी कुंचला माझ्या हातात दिला, भोवतालच्या सगळ्यांना बोलावून काहीतरी सांगितलं आणि नंतर आपल्या वाटेने गेले. ना फोन नंबर, ना "चला, चहा घेऊ".

चहा छंगदूत घेतला होता. तिथल्या पीपल्स पार्कमधल्या जुन्या चहाघरात बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे कप, आणि कान साफ करून देणारे हातात चिमट्यांचा खुळखुळाट करत फिरणारे. फलकावर भाव लिहिलेला. एकदा कप घेतला की गरम पाणी पाहिजे तेवढं, दिवसभर बसा. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आम्हाला सूर्यफुलाच्या बिया दिल्या आणि आमच्या चकल्या चाखल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण शांघायच्या टोळीचं भांडवल हेच आहे. खऱ्या माणसांनी तीन-चार शहरांत जो विश्वास पेरून ठेवलेला असतो, त्याचं पीक ही मंडळी कापतात. म्हणून ती बीजिंग-शांघायमध्ये बसतात, जिथे परदेशी माणूस बहुधा सहलीच्या शेवटी किंवा नुकता उतरल्या उतरल्या सापडतो.

आम्हाला भेटले ते तिघे. दोन मुली, एक मुलगा, पाठीवर कॉलेजच्या बॅगा. ईस्ट नानजिंग रोडच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून नदीकाठाकडे निघालो होतो, तेवढ्यात फोटोची विनंती. मग कुठून आलात, कसं वाटलं, भारत म्हणजे आमिर खान, एकीला तर योगासनांची नावंही पाठ. स्वतःबद्दल म्हणाले, आम्हीही इथले नाही, हार्बिनहून आलोय, उद्या परत जाणार. ही त्यातली पहिली खुबी: तुम्ही पाहुणे, आम्हीही पाहुणे, मग गळेपडूपणाचा संशय कुठून येणार? पंधरा-वीस मिनिटं कोणीच काही मागितलं नाही. मग मुलगा म्हणाला, आम्ही एका चहाच्या कार्यक्रमाला चाललोय, पारंपरिक, तुम्हाला आवडेल, वेळ असेल तर या. नसेल तरी हरकत नाही. हे "हरकत नाही" फार कसलेलं होतं.

भाऊ मराठीत म्हणाला, "दादा, जरा जास्तच गोड बोलतायत ही."

"अरे, छंगदूतही बोललेच की लोक."

मोठ्या रस्त्यावरून आत, एका व्यापारी इमारतीत, लिफ्टने वर. बाहेर पाटी जवळपास नाहीच. छोटी खोली, दार लोटलेलं, खिडकी नाही. रेशमी पोशाखातल्या बाईने एक बारीक अक्षरांचं कार्ड फिरवलं. त्यांच्यातल्या एकीने ते वाचून "मी सांगते, सहा चव घेऊ, सहा शुभ असतात" म्हणून परत देऊन टाकलं. त्या कार्डावर भाव होता. प्रत्येक चहाचा, प्रत्येक माणशी. तो आमच्यासमोर आला आणि गेला, आणि हीच त्यातली दुसरी खुबी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

चहा बरा होता, खोटं कशाला बोलू. लोंगजिंग, तिएगुआनयिन, जिनसेंगची पूड लावलेला ऊलाँग, पाण्यात टाकला की उमलणारा फुलाचा गोळा. ट्रेवर मातीचा एक बोटभर उंचीचा नागडा पोरगा बसवलेला होता. बाईने त्याच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतलं आणि पोराने ट्रेपलीकडे भावाच्या बाहीपर्यंत धार सोडली. सगळे खो खो हसले. पाणी पुरेसं तापलंय का ते असं बघतात म्हणे. त्या हशात कधीतरी सुक्यामेव्याच्या दोन बशा आल्या. कोणी मागवल्या ते विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचू नये याच बेताने त्या आलेल्या होत्या.

बिल २,१०० युआन. माणशी ५८ युआनप्रमाणे सहा चहा, पाच जण, झाले १,७४०, बशांचे १६०, खोलीचे २००. त्या तिघांनी चेहरे जरासे पाडले, आपापसात बोलले, आणि मोठ्या मनाने म्हणाले, अर्धे आम्ही, अर्धे तुम्ही. पाचांत आम्ही दोघे, तरी अर्धं! मी खोलीचं भाडं आधी का सांगितलं नाही असं विचारलं, तर बाईला अचानक इंग्रजी येईना. मुलीने लगबगीने आपला फोन कोडवर धरला, "टिंग" आवाज आला, आणि आता सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. त्यांचे पैसे खरे गेले की नाही कोण जाणे. गेले असले तरी कमिशनसकट मागच्या दाराने परत येतात, हे नंतर कळलं. १,०५० युआन म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास. आपलं व्हिसा-मास्टरकार्ड अलीपेला, म्हणजे तिथल्या पैसे देण्याच्या ॲपला, जोडलेलं असलं की २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ते ३ टक्के आणखी कापतात. तोही भुर्दंड आमचाच.

पावती मागितली. फापिआओ म्हणजे तिथली सरकारी कराची पावती, साध्या नूडल्सच्या दुकानातही मागितली तर देतात. इथे म्हणे मशीन बिघडलंय. मग खाली येऊन निरोप, वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सॲपच) एकमेकांना जोडून घेणं, पुण्याला आलो तर भेटू वगैरे. (आम्ही नाशिकचे. हे मी दोनदा सांगितलं होतं.) तासाभराने वीचॅटवर "पावतीचा फोटो पाठवता का?" असं लिहिलं, तर शेजारी लाल उद्गारचिन्ह. समोरच्याने तुम्हाला काढून टाकलं की येतं ते.

होस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि पहिल्यांदा दियानपिंग उघडलं. हॉटेलं-चहाघरांची माहिती देणारं तिथलं घराघरातलं ॲप. त्यात प्रत्येक ठिकाणाखाली माणशी सरासरी खर्च किती ते लिहिलेलं असतं. आमची ती जागा त्यात नव्हतीच. शांघायसारख्या शहरात, नानजिंग रोडच्या हाकेच्या अंतरावर, आणि दियानपिंगवर नाही! ती म्हणाली, एवढ्यावरूनच समजायचं. तिने ड्यूटी संपल्यावर आम्हाला पोलीस चौकीत नेलं, नको नको म्हणत असतानाही.

चौकीतला हवालदार सभ्य होता. फोनच्या भाषांतरात त्याने एकच प्रश्न दोन-तीनदा विचारला: दरांचं कार्ड दाखवलं होतं का? दाखवलं होतं. मग ही चोरी नाही. चीनच्या किंमत कायद्याप्रमाणे दुकानदाराने भाव उघड मांडायचा असतो. तो मांडला की ५८ युआनचा घोटभर चहा हा गुन्हा ठरवणं कठीण. म्हणून ते कार्ड आणतात आणि म्हणूनच ते तुमच्या हातात राहू देत नाहीत. पण खोलीचे २०० त्या कार्डावर होते का, बशा कोणी मागवल्या आणि फापिआओ का नाही, या तीन गोष्टींवर चहाघर लटपटलं. हवालदाराने फोन लावला, आवाज चढवला, आणि अर्ध्या तासात रेशमी पोशाख बदलून जीन्समध्ये आलेली तीच बाई दारात. ७०० युआन अलीपेतूनच परत मिळाले. ते तिघे? "कोण तिघे? गिऱ्हाईक होते." मुद्दा संपला.

याच धंद्याच्या बाकीच्या तऱ्हा थोडक्यात. बीजिंगात वांगफुजिंगला "चित्रकलेचे विद्यार्थी" भेटतात, त्यांच्या प्रदर्शनाचा नेहमी आजच शेवटचा दिवस असतो आणि छापील चित्रं हाताने काढलेली म्हणून गळ्यात मारतात. तिथल्या जुन्या गल्ल्यांमधला, म्हणजे हुतोंगमधला, रिक्षावाला तीन बोटं दाखवतो आणि उतरताना तीनचे तीनशे होतात. शिआन स्टेशनबाहेर मातीच्या सैनिकांकडे (प्रसिद्ध टेराकोटा आर्मी) नेणाऱ्या बसवाल्यांच्या नादी लागू नका. ते आधी भलत्याच "भूमिगत महाला"त उतरवतात. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या लाइनने ह्वाछिंगछीला जाऊन पुढे सिटी बस धरा, आणि तिकीट पासपोर्टवर आधीच काढा. यांगशुओच्या ली नदीवरच्या "बांबूच्या" तराफ्यांचे बांबू बहुतेक पीव्हीसीचे पाइप असतात, पण त्यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, सफर झकास होते. रात्री डेटिंग ॲपवरून बारमध्ये बोलावणं आलं तर मात्र चहाघर परवडलं असं म्हणायची पाळी येते. तिथे दाराशी आडदांड माणसं उभी असतात.

एकट्या-दुकट्याने भटकणाऱ्याने अनोळखी माणसांशी बोलूच नये असं मी म्हणणार नाही. मग चीनला जायचं कशाला? फक्त जागा तुम्ही निवडा. "त्यापेक्षा समोरच्या दुकानात दूध-चहा घेऊ, माझ्याकडून" असं म्हणून बघा. खरा माणूस येतो किंवा हसून निघून जातो. टोळीतला माणूस हटकून तुम्हाला आपल्याच जागी ओढतो.

आणि अडकलातच, तर खोलीत भांडू नका. दरांच्या कार्डाचा, बिलाचा आणि दारावरच्या पाटीचा फोटो काढा, रक्कम कमीत कमी द्या आणि बाहेर पडून त्याच दिवशी पोलिसांच्या ११० ला फोन करा. १२३१५ हा ग्राहक तक्रारीचा नंबर आहे. शांघाय आणि बीजिंगात १२३४५ वर इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. दुसऱ्या दिवशी शहर सोडायचंय म्हणून तक्रार टाळू नका, टोळीचा सगळा हिशोब तुमच्या परतीच्या तिकिटावर असतो. भारतात आल्यावर मी कार्डाच्या बँकेकडेही दाद मागितली. व्यवहार तुम्ही स्वतः पासवर्ड टाकून केलाय, असं उत्तर दोन ओळींत आलं.