तीन हजार शब्द आणि माझ्या नावावर निघालेलं कर्ज

मी इचलकरंजीत एका सुताच्या पेढीवर हिशेब बघते. बी.कॉम. झालंय, पण शाळा मराठी माध्यमाची. सूत येतं कोइमतूरकडच्या गिरण्यांतून, त्यामुळे मेल सगळे इंग्रजीत. वाचलेलं बरंचसं कळतं, उत्तर लिहायला बसलं की हात अडतो. गेल्या वर्षी एका मेलमध्ये ‘डिस्क्रिपन्सी’ हा शब्द आला आणि मी शेठना अर्थ विचारला. तफावत, एवढाच अर्थ. पण ते समोर बसलेल्या दलालाच्या देखत म्हणाले, “एवढंसुद्धा येत नाही होय?” ते मला फार लागलं.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एका इंग्रजीच्या क्लासची जाहिरात दिसली: ‘६० दिवसांत ३००० इंटरमीडिएट शब्द, मराठी अर्थांसह. नाहीतर पैसे परत.’ खाली वीस प्रश्नांची मोफत चाचणी होती. ती दिली, निकाल आला ‘इंटरमीडिएट, बी-वन’, म्हणजे इंग्रजीची मधली पातळी, आणि दहा मिनिटांत फोन. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. “ताई, तुमचा पाया चांगला आहे, फक्त शब्द कमी पडतात. दोन महिन्यांत वरच्या पातळीवर, बी-टूला, पोचवतो.” माझं नेमकं दुखणं कुणीतरी ओळखलं असं वाटलं. ४९९ रुपये भरून जागा राखून ठेवली.

ती चाचणी किती खरी होती ते पुढे कळलं. पाचवीतल्या भाचीच्या हातात मोबाईल दिला. तिने प्रश्न न वाचताच पर्यायांवर बोट मारलं. तिलाही ‘इंटरमीडिएट, बी-वन’!

दुसऱ्या दिवशी फी सांगितली: २६,४००. मी म्हटलं, एवढे एकदम जमणार नाहीत. “एकदम कशाला ताई? महिना २,२००, बारा हप्ते, व्याज शून्य.” मग आधार आणि पॅनचा फोटो, एक सेल्फी, बँकेचा तपशील, आणि ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ओटीपी. मेलवर इंग्रजीत चौदा पानं आली, ती प्रवेशाची कागदपत्रं समजून मी ‘आय ॲग्री’ दाबलं. हप्ते क्लासला जाणार, आवडलं नाही तर थांबवू, अशी माझी समजूत.

ती चौदा पानं कर्जाचा करार होती. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम क्लासला एकदम देऊन टाकली होती, आणि ओटीपीने मी बँकेला हप्ते आपोआप कापायची परवानगी दिली होती. म्हणजे क्लासचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल. पुढे त्यांनी शिकवलं काय, न शिकवलं काय, हप्ता माझाच.

आता शिकवणीबद्दल. मिळाली एक पीडीएफ आणि रेकॉर्ड केलेले तास, ज्यांत एक बाई तीच यादी वाचून दाखवत होत्या. यादी ए पासून सुरू, एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात एकच मराठी अर्थ. वाक्य एकही नाही. ‘सेन्सिबल’पुढे लिहिलं होतं संवेदनशील. तो अर्थ ‘सेन्सिटिव्ह’चा, सेन्सिबल म्हणजे समंजस. ‘सेटल’पुढे फक्त स्थायिक होणे. आमच्या धंद्यात हिशेब सेटल होतो, म्हणजे चुकता होतो. ‘इश्यू’पुढे मुद्दा, पण गिरणीवाले क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, इश्यू केली म्हणतात तेव्हा ती काढून दिलेली असते. आणि ‘आउटस्टँडिंग’पुढे उत्कृष्ट! ग्रुपवर एका मुलीने विचारलं, “आउटस्टँडिंग अमाउंट म्हणजे उत्कृष्ट रक्कम का?” क्लासकडून उत्तर आलं ते अंगठ्याचं चित्र. बाकी राहिलेल्या रकमेला ती पोरगी उद्या ऑफिसात उत्कृष्ट म्हणेल, म्हणून मीच तिला खरा अर्थ कळवला. तासाभरात मला ग्रुपमधून काढून टाकलं.

मूळ यादी कुठली तेही सापडलं. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशाच्या वेबसाइटवर ‘ऑक्सफर्ड ३०००’ नावाची यादी फुकट आहे. प्रत्येक शब्दापुढे ए-वनपासून बी-टूपर्यंतची पातळी दिलेली, शब्दावर गेलं की अर्थ, उच्चार आणि वाक्यंसुद्धा. माझ्या पीडीएफमध्ये बहुतेक शब्द तेच, क्रम तोच, फक्त पातळ्या आणि वाक्यं उडवून चुकीचे मराठी अर्थ चिकटवलेले. शिवाय ए-वन, बी-टू या पातळ्या युरोप परिषदेने ठरवल्यात त्या माणसाला भाषेत काय काय करता येतं यावरून. ३००० शब्द घोकले म्हणून कुणी बी-टूला पोचत नाही.

पैसे परत मागितले तर म्हणाले, मुदत नोंदणीपासून सात दिवसांची होती. बॅच सुरू झाली नवव्या दिवशी.

हप्ता रागाच्या भरात बंद करू नका. माझ्या मनात तो बंद करायचंच आलं होतं. कर्ज आपल्या नावावर असतं, हप्ता चुकला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची आपली पत, बिघडतो आणि दंड वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ऑनलाइन कर्जात सुरुवातीला ठरावीक मुदत द्यावीच लागते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. माझ्या करारात ती तीन दिवसांची होती, नवव्या पानावर. मी ते पान उघडलं दोन महिन्यांनी. तुमच्यापैकी कुणी कालपरवा असं काही केलं असेल, तर आत्ता मेल उघडा आणि ती मुदत शोधा.

मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, करार, ग्रुपवरचे मेसेज, सगळं जोडलं. फायनान्स कंपनीलाही लेखी कळवलं. तिथून तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हेल्पलाइननंतर क्लासवाले नऊ हजार द्यायला तयार झाले, अट एकच, कुठेही काही लिहायचं नाही. मी नकार दिला.

आता कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, क्लासचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ग्रुपमधल्या त्या मुलीचे कागदही मागवून घेतलेत. हप्ता अजून दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

शब्द मात्र मी सोडलेले नाहीत. पेढीवर आलेल्या मेलमधूनच रोज चार-पाच शब्द वहीत उतरवते, अख्ख्या वाक्यासकट. परवा गिरणीला स्वतः लिहिलं की तुमच्या बिलात आणि आमच्या आवकेत दोन गोण्यांची डिस्क्रिपन्सी आहे, क्रेडिट नोट इश्यू करा. दुसऱ्या दिवशी क्रेडिट नोट आली.