लाकडाचा झालेला दगड की दगडावरची चित्रे? दोन वाळवंटी उद्यानांचा तुलनात्मक आढावा

मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम भागात जाणाऱ्या बहुतेकांचा लास व्हेगास आणि ग्रँड कॅनियन हा बेत ठरलेलाच असतो. प्रश्न उरतो तो हाताशी राहिलेल्या एखाद्या दिवसाचा. त्या दिवसात जीवाश्म आणि प्राचीन खोदचित्रे दोन्ही पाहायची असतील, तर ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान आणि नेवाडातील व्हॅली ऑफ फायर राज्य उद्यान हे दोन पर्याय समोर येतात. ताईने आणि मी ही दोन्ही उद्याने पाहिली आहेत. तिचा ओढा जीवाश्मांकडे आणि माझा चित्रांकडे आहे, तेव्हा पुढील मत थोडे कललेले वाटल्यास सांभाळून घ्यावे.

जीवाश्मांपुरते बोलायचे तर ॲरिझोनाला तोड नाही. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या गाळात गाडले गेलेले वृक्ष, ज्वालामुखीच्या राखेतील सिलिका पाण्यावाटे झिरपत गेल्याने क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, झाले, आणि लोह व मँगनीजमुळे त्यांत तांबडे, पिवळे, जांभळट रंग उतरले. रेनबो फॉरेस्ट संग्रहालयामागच्या पायवाटेवर हे ओंडके अगदी पायाशी पडलेले असतात. सालीसारख्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि क्वार्ट्झ ठिसूळ असल्याने ते असे सरळ तुटले आहेत की जणू वखारीत करवतीने कापून ठेवलेत. ताई एकेका ओंडक्यापाशी इतका वेळ रेंगाळली, की संध्याकाळी उद्यानाचे दरवाजे बंद होतात याची तिला वारंवार आठवण करून द्यावी लागली. व्हॅली ऑफ फायरमधील ओंडके त्याच काळातले असले तरी मोजकेच आहेत आणि तेही तारेच्या जाळीआड. जाळीच्या भोकाला फोन टेकवून छायाचित्र काढावे लागते. ताईला हे मुळीच रुचले नाही, आणि तिचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

मात्र चित्रांच्या बाबतीत पारडे फिरते, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. पेट्रिफाइड फॉरेस्टमधील न्यूजपेपर रॉक येथे मोठ्या शिळांवर साडेसहाशेहून अधिक खोदचित्रे आहेत, परंतु ती पाहायची वरच्या कठड्यावरून, तिथे बसवलेल्या दुर्बिणीतून. चित्रांच्या रक्षणासाठी हे अंतर आवश्यक असेल, याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर कातळशिल्पांच्या अगदी कडेला उभे राहून ती न्याहाळण्याची सवय असलेल्या माणसाला ही व्यवस्था फार खटकते. दुर्बिणीत एखादा प्राणी सापडेपर्यंत दुसऱ्याची पाळी येते. ‘ताई, तो डावीकडचा पाहिलास का?’ या प्रश्नाला ‘डावीकडचा कुठला?’ एवढेच उत्तर मिळते, आणि सोबत येऊनही दोघांनी वेगवेगळी चित्रे पाहिलेली असतात. जवळच्या पुएर्को पुएब्लो या जुन्या वस्तीच्या अवशेषांपाशी काही चित्रे जरा जवळून दिसतात, आणि 21 जूनच्या सुमारास सकाळचे ऊन तेथील एका लहान सर्पिलापर्यंत पोहोचते. पण तोवर मुंबईतल्या शाळा सुरू झालेल्या असतात.

व्हॅली ऑफ फायरमध्ये माउसेस टँक या पाणी साठणाऱ्या नैसर्गिक खडककुंडाकडे जाणारी पायवाट जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. पाय रुतणाऱ्या वाळूतून दोन्ही बाजूंच्या तांबड्या भिंतींकडे पाहत जायचे, आणि चित्रे आपणच शोधायची. खडकावर चढलेला काळपट थर टोचून काढल्याने खालचा फिकट दगड उघडा पडतो, आणि त्यातून रानमेंढ्या, माणसे, वर्तुळे उमटतात. टोचणीचे वेगवेगळे ठिपके साध्या डोळ्यांनी दिसतात. दुर्बिणीतून ते मला दिसले नव्हते. अटलाटल रॉकला तर उभा जिना चढून थेट चित्रांच्या पातळीवर जाता येते. इथे मात्र ताईलाही घाई नव्हती.

ऋतूचा विचार करता पेट्रिफाइड फॉरेस्ट अधिक उंचीवर असल्याने तिथे उन्हाळा तुलनेने सुसह्य असतो. व्हॅली ऑफ फायरमध्ये भर उन्हाळ्यात पारा सहज चाळिशीपार जातो आणि काही पायवाटा बंद ठेवल्या जातात, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीपेक्षा दिवाळीची सुट्टी कधीही बरी. अंतराचा हिशेब मात्र नेवाडाच्या बाजूने आहे: लास व्हेगासहून तासाभरात पोहोचता येते, तर पेट्रिफाइड फॉरेस्टसाठी ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराहूनही पावणेदोन तास पूर्वेला जावे लागते.

भावंडांपैकी कोणी वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र शिकलेले असेल, किंवा पुढे न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीकडे जायचेच असेल, तर पेट्रिफाइड फॉरेस्ट वगळू नये. ताई आजही तेच सुचवेल. पण दिवस एकच असेल आणि दोघांनी मिळून काही पाहायचे असेल, तर मी गाडी व्हॅली ऑफ फायरकडे वळवेन, आणि तीही सकाळी लवकर, दरीतल्या वाळूवर इतरांची पावले उमटण्यापूर्वी.